फसलेल्या तुरीचं वरण

अप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की गिरणीतली निम्मी माणसं तुम्हाला फोटोवरूनच ओळखतात. गेल्या आठ दिवसांत जे झालं त्यानंतर तुमच्यापुढं मान वर करता आली नसती. म्हणून लिहायला बसलो आहे.

नांदेडच्या एका मोठ्या खरेदीदारानं आपल्याकडे एक मॅडम पाठवल्या. आपल्या डाळगिरणीत नवं काही करण्याची ताकद आहे का, हे बघून तो पुढची मागणी द्यायची की नाही ते ठरवणार. मागणी गेली तर गिरणी चालणं अवघड आहे. तरी मी ऐटीत होतो. भिंतीवर ‘नवीन कल्पना सुचवा’ अशी पेटी लावून घेतली होती. मॅडमनी तिच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी माणसांना एवढंच विचारलं, "इथं शेवटचं काय फसलं?" सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. शेवटी मुकादम म्हणाला, "आमच्याकडं काही फसत न्हाई," आणि मी, अप्पा, चक्क खूश झालो! मॅडमचा चेहरा उतरलेला दिसला तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला: काही फसत नाही, कारण कुणी काही करूनच बघत नाही.

लातूर नुकतंच जिल्हा झालेलं ते वर्ष आठवलं. रस्त्यावर साहेबांच्या जीपा वाढल्या होत्या, नळाला मात्र पाणी नव्हतं. भरडण्याआधी तूर ओली करायची कशी, हाच घोर. सोमवारी दुपारनंतर तुम्ही काम बंद ठेवता आणि ज्याला जे करून बघायचं ते करू देता. फिटर डिझेलचं पिंप आडवं बसवतो, आत ओलं गोणपाट लावतो, तूर घालून फिरवतो. भरडल्यावर डाळ कुठली, नुसता चुरा! तो बिचारा कोपऱ्यात उभा. तुम्ही म्हणता, "उचल ते. घरी चल." फसलेली खेप आपल्या घरी शिजायची आणि सगळ्यांनी मिळून खायची, हा तुमचा रिवाज. आई चुलीपुढं कुरकुरते, "तुमचं करून बघणं आन् माझ्या जिवाला ताप," पण वाढताना हात आखडत नाही. पंगतीत फिटरची अशी थट्टा होते की तोही हसायला लागतो, आणि हात धुता धुता पुढच्या सोमवारी काय बदलायचं ते तुम्हाला सांगतो. पुढं पिंप जमलं, थोड्या पाण्यात हंगाम निघाला. तेव्हाच तुम्ही म्हणालात, "पाणी आलं की हे भंगारात द्या. लई डाळ मोडते."

मी दिलं नाही. तुम्ही गेल्यावर त्याला रंग दिला, हळद-कुंकू लावलं. दर सोमवारी हार घालतो, नारळ फोडतो, पेढे वाटतो. पाणी केव्हाच आलं, तरी तूर अजून त्यातूनच जाते आणि अजून मोडते. करून बघणं बंद झालं आणि घरी पंगत बसली नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मला वाटायचं, मी तुमची आठवण जपतो आहे.

मॅडम गेल्यावर मी विचारलं, "हे पिंप काढावं असं कुणालाच वाटलं नाही?" डाळ निवडायला बसणारी, लातूरजवळच्या मुरुडची बाई म्हणाली, "वाटलं की, मालक. पण त्याचा तुम्ही देव करून ठेवलाय. देवाला पाना कोण लावंल?" कुणी हसलं नाही.

काल सोमवार. मी हार काढला आणि म्हणालो, "खोला." एकही जण उठला नाही. शेवटी तीच बाई चाचरत म्हणाली, "मालक, तुम्ही जरा भाईर बसता का? तुम्ही हितं असल्यावर आमचे हात चालत न्हाईत."

स्वतःच्याच गिरणीबाहेर बाकावर जाऊन बसलो. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती, अप्पा. बऱ्याच वेळानं आतून ठोकाठोकी ऐकू आली, मग वादावादी, मग सगळ्यांचं मोठ्यानं हसणं. तसं हसणं त्या पत्र्याखाली तुमच्यामागं मी ऐकलेलं नाही.

मागणी राहते की जाते, अजून कळलेलं नाही. एक गोष्ट मात्र बायकोलाही सांगितलेली नाही, आणि हा कागदही लिहून झाला की फाडणार आहे. ते आत हसत होते ना, तेव्हा मला वाटलं, यांचं फसावं, आणि यांनी मला आत बोलवावं.