अजून थोडं मागे

मार्लोत, १२ ऑक्टोबर १८७८

प्रिय झेली,

तुझ्या चेस्टनटच्या मुरंब्याची बरणी पोचली. पण तू अजून रोज नवऱ्याचं ताट मांडतेस हे वाचलं आणि बरणी तशीच बंद करून ठेवली. फिर्मां जंगलातून परतला नाही त्याला तीन वर्षं झाली गं!

मी पुन्हा त्याच जंगलवाटेचं चित्र करतेय. या वेळी उलट्या बाजूला तोंड करून बसते. रोज सकाळी नऊ ते दहा, बीचच्या झाडांच्या पानांतून वाटेवर ऊन पडतं तेवढाच वेळ. खाणावळवाली पेरीन टोमणे मारते, "काय हो बाई, आज पुन्हा पालक सांडला का कापडावर?" हसू दे मेलीला. आम्हा नव्या चित्रकारांचं चित्र जवळून नुसतं ठिपक्यांचं असतं. दहा पावलं मागे जाऊन डोळे बारीक केले की वाट दिसते, ऊन दिसतं.

सोमवारी अशीच मागे गेले, तर वाटेच्या टोकाला माणूस. मी काढलाच नव्हता गं! जवळून पाहिलं तर चार निळे ठिपके, सावलीसाठी मीच दिलेले. सुरीने खरवडले. मंगळवारी तो पुन्हा होता, थोडा अलीकडे. बुधवारी निळा सदरा ओळखला, फिर्मांचाच. काल त्याचा हात वर होता. खुणावत होता, मागे, अजून मागे. मी बघत बघत मागे सरकत राहिले. टाचेखालची माती सुटली तेव्हा भानावर आले. मागे नेच्यांनी झाकलेली दगडाची जुनी खाण होती.

ती खूण माझीच, झेली. त्या सकाळी लाकडं आणायला निघालेल्या फिर्मांला मीच वाटेवर उभं केलं. हिरव्यात निळा ठिपका हवा होता मला. तो फार मोठा दिसत होता, म्हणून मागे सर, अजून मागे, असं हाताने खुणावत राहिले. तो उलटा चालत हसला, "ताईसाहेब, आता पॅरिसला धाडता की काय?" माझे डोळे बारीक केलेले. उघडले तर वाट रिकामी. वाटलं, कंटाळून गेला असेल. ऊन सरेल म्हणून मी चित्र पुरं केलं. संध्याकाळी तू रडत दारात आलीस तेव्हा कळलं की तो घरी पोचलाच नाही, आणि भ्यायले. म्हणाले, मला दिसलाच नाही.

म्हणून हे लिहितेय. बीचच्या मोठ्या झाडामागे, नेच्यांखालच्या त्या खाणीत तो आहे. दोर आणि माणसं घेऊन ये, आणि त्याचं ताट आता उचल. मला माफ करू नकोस. चित्र खाणावळीत भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. पाहायचंच असेल तर जवळून पाहा. मागे मात्र सरू नकोस.

तुझीच, अजून तसं म्हणू दिलंस तर,
लेओंतीन