वादीपलीकडचा ट्रायपॉड

सूर, ओमान, मंगळवार, ऑगस्ट २०१५

दुपारी सामान गाडीत भरलं, तर सर्व्हेचा ट्रायपॉड वादीच्या, म्हणजे इथल्या पावसाळी नदीच्या, कोरड्या पात्रापलीकडे राहिलेला. ओमानी ड्रायव्हर सालिम लांबच्या डोंगरावरचे काळे ढग दाखवत म्हणाला, "खलास, अब नीचे नहीं जाना." आमच्या डोक्यावर लख्ख ऊन. मी हसलो. कोकणातल्या माणसाला हा पाऊस शिकवणार? सावंत माझ्याच गावचा, मीच इथे आणलेला. म्हटलं, "जा रे, कोरडं आहे."

ट्रायपॉड खांद्यावर घेऊन तो मध्यावर आला आणि डोंगरातून पाण्याचा लोंढा आला, त्याला घेऊन गेला. ऊन तसंच.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, मी नको म्हणत असताना सावंत गेला. सालिमला इंग्रजी येत नाही. हिंदीत वाचून दाखवताना तेवढं वाक्य गाळलं. त्याने साक्षीदार म्हणून सही केली.

ट्रायपॉड आजच कशाला हवा होता? उद्या सकाळी पलीकडेच काम होतं.