राखेतून निघालेला धातू

अमरावती, गुरुवार, सायंकाळ

कुसुम भास्कर वानखडे, तुझा नवरा म्हणून तुझ्या अस्थी सावडताना तुझ्या गुडघ्यात बसवलेला धातू हाती लागला. तेव्हापासून तुझ्या रक्ताच्या कर्करोगाचा दोष मी त्यालाच दिला. त्याच भीतीने स्वतःच्या गुडघ्याची शस्त्रक्रियाही टाळली.

आज माझी जुनी विद्यार्थिनी वैशाली हिने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत निकाल दाखवला. त्याच जातीचा धातू भिजवून काढलेल्या अर्कात ठेवलेल्या पेशींतील डीएनए तुटलेला नव्हता; कर्करोगाला वाट करून देणारी मोडतोड तिथे दिसली नाही. एका चाचणीने सारे सिद्ध होत नाही, हे जाणतो. तरीही त्या धातूला मी उगाचच आरोपी ठरवले का?

"सर, आमाले शिकवलं का पुरावा पाहा, अन् सोता कावून भेऊन राहिले?" तिने माझ्या भीतीचे कारण विचारले.

तिच्यासमोरच, मला शस्त्रक्रिया सुचवणाऱ्या अकोल्याच्या डॉक्टरांना फोन करून होकार कळवला. मग तिने प्रयोगशाळेला कुलूप लावले आणि किल्ल्या कार्यालयात परत केल्या.