रुसलेल्या गिऱ्हाइकाचं पान

मु. किरनापूर, जि. बालाघाट
१२ नोव्हेंबर १९६४

तीर्थरूप खेमराजभाऊंना चैतरामचा दंडवत.

आपला गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला थांबला असेल. मी इकडे खुशाल आहे. (म्हणजे भात रोज शिजतो, खालचा करपतो, वरचा कच्चा राहतो.)

दुर्गानं माहेरी आल्यावर सांगितलंच असेल, आमचं भांडण पुस्तकावरून झालं. गोंदियाहून दुकानातल्या पुड्यांसाठी रद्दी आणली, तिच्यात मुखपृष्ठ नसलेलं एक पुस्तक निघालं. दुकान कसं चालवावं आणि पत्र कसं लिहावं, दोन्ही एकातच! अशा पुस्तकांचं नाव कोणी घेत नाही, पण आत शहाणपण ठासून भरलेलं. ‘आधी गिऱ्हाइकाच्या घरचं विचारा, मग मालाचं बोला.’ मी महागूला घरचं विचारलं. तो जेवणवेळेपर्यंत सांगत बसला आणि मीठ न घेताच गेला. ‘पत्रात मागणी पहिल्या ओळीत लिहा,’ असंही त्यात आहे. (ते मला अजून साधलेलं नाही, हे आपल्या लक्षात आलंच असेल.)

पुढे ‘रुसलेलं गिऱ्हाईक परत कसं आणावं’ हा धडा उघडला, तर पानच गायब! दुर्गानं त्यात तुळसाबाईंना मेथीदाणे बांधून दिले होते. मी तोंडाला येईल ते बोललो. ती दुपारच्या बसनं आपल्याकडे निघून आली. (हे वाचताना ती शेजारी बसली असेल, तर जरा खाकरून पुढे जावं.)

मी पान मागायला तुळसाबाईंकडे गेलो. त्यांनी त्या पानानं चूल पेटवली होती. वर मलाच म्हणाल्या, “पानाचं काय घेऊन बसला, बाबू? दुर्गा काहून येऊन नाही राह्यली? तिनं बांधलेला पुडा घरी आल्यावरच सुटते, तुया पुडा रस्त्यातच सुटते. आता ती आली का मंगच मीठ-मिरचीचा सौदा नेईन मी.” तेव्हापासून बाकीच्या बायाही दुकानात डोकावून, ती दिसली नाही की परत जातात. म्हणजे सगळंच गिऱ्हाईक रुसलेलं, आणि इलाजाचं पान चुलीत.

आपला,
चैतराम

ता. क. त्या धड्याचं दुसरं पान, दुर्गानं भाच्यांसाठी नेलेल्या फुटाण्याच्या पुड्याला असावं. मिळालं तर पाठवावं.

ता. क. पान राहू द्या. पुस्तक मी रद्दीत परत ठेवलं आहे, तिनं खुशाल फाडावं. रविवारी सकाळच्या बसनं येतो. तिला एवढं मात्र दोनदा वाचून दाखवा: दुर्गा, तुझ्याशिवाय मला दुकानात करमत नाही आणि घरात तर मुळीच नाही. चल घरी.

हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं.