सोमवारी सोळाच

॥ श्री ॥

लिंबायत, सुरत
रविवार, दि. १२ ऑक्टोबर २०२५

योगिताबाईंना उषाबाईचा नमस्कार.

बारडोलीला भावाकडे तुमचं बरं चाललं असेल. आम्ही ठीक. माझी नात चंचल त्याच इमारतीत, खालच्या गुजराती शाळेत बसते. परवा म्हणाली, "आजी, वर्गात बेन काही विचारते, मी नुसतं 'हा' म्हणते." वरच्या मजल्यावरच्या तुमच्या मराठी शाळेला कुलूप आहे. हिलाल सर कायम नोकरीतले, त्यांना दुसरी शाळा मिळाली. तुम्ही कंत्राटी, तुम्हाला घरी बसवलं.

तुमचा पट मला अजून पाठ आहे. खानदेशची चौदा, मराठवाड्याची सहा, विदर्भाची तीन. पाच वर्ग, आणि शिकवायला तुम्ही दोघं.

गल्लीत म्हणतात, मराठी शाळा कधीतरी जाणारच होती. मीही तसंच म्हणत होते. आता म्हणवत नाही.

श्रावणात तुम्ही दारात आलात, बसलाही नाहीत. "काकू, सोमवारी साहेब मुलं मोजायला येणार. वीस तरी समोर दिसली पाहिजेत, नाहीतर शाळा बंद. तुमच्या भाऊबंदांच्या चार घरांत सात आहेत. तेवढा निरोप द्या, तुमचा शब्द कुणी मोडत नाही."

मी हसून म्हटलं, "परक्याला कानबाईचा रोट चालत असता तर साहेबालाच गावी नेलं असतं." आणि बरं म्हटलं.

निरोप मी दिला नाही. एकाही घरी नाही.

रविवारी गावी कानबाई देवी बसायची होती, सोमवारी विसर्जन. तिच्या प्रसादाचा रोट भाऊबंदांनीच खायचा, उरू द्यायचा नाही. निरोप कळला असता तर सुना मुलांना घेऊन इथेच राहिल्या असत्या. पंगत रिकामी दिसली असती. ते मला नको होतं. एका दिवसाने काय होतंय, असं मनाला समजावलं. मंगळवारी परतलो. सोमवारी सोळाच भरली होती.

तुम्ही मला एका शब्दाने विचारलं नाही. म्हणून सांगायचं राहिलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल.

काल चारही घरी जाऊन सांगितलं. सुनांपैकी छाया भाकरी थापत राहिली, वर बघितलं नाही. पुतण्या रघुनाथ म्हणाला, "काकू, आमले काब्र नही सांगं?" का सांगितलं नाही, ते त्याला सांगितलं. मग त्यानेच कोरा कागद आणून दिला.

त्यावर अर्ज लिहिलाय: सात मुलं शाळा सोडून गेली नव्हती, निरोप मी दाबला. चारही घरच्या सह्या आहेत. उद्या शिक्षण कार्यालयात देते. शाळा उघडेलच असं नाही. पण मुलं तुमच्यामुळे कमी भरली नाहीत, एवढं तिथे लिहिलेलं राहू दे.

देवीपुढे रोज हात जोडते. ते तुमच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून हे पत्र.

तुमची अपराधी,
उषाबाई हेमराज पाटील