थोरलीची ओटी

प्रिय दीपा,

“तुला जे करायचं ते कर” म्हणालीस आणि फोन ठेवलास. बरं, ठेवलास तर ठेवलास. ज्यांना तू लहानपणापासून काका म्हणत आलीस त्या बन्सीकाकांनी मला लग्नाचं विचारलंय, हे तुला बाहेरून कळलं. राग येणारच. पण पत्र मधेच कापता येत नाही, म्हणून लिहितेय.

आमची थोरली आता डोळेही फिरवते बरं का! दुमजली घराएवढी बाहुली. बन्सीकाकांनी ट्रॅक्टरच्या भंगारातून तिची मान केली, सायकलच्या ब्रेकच्या वायरींवर बोटं हलवली. मी तिच्या पोटात बसून हात चालवते आणि माइकवर तिचं बोलते. पाणी शोधत निघालेली बाई चौकात येते, वाकून लोकांना विचारते, एवढाच आमचा खेळ. पण भलेभले तोंड उघडं टाकून बघतात. सासरी मी कधी मान वर केली नाही, आणि आता लोक माझ्यासाठी माना वर करतात. मजा येते गं, खोटं कशाला बोलू!

बन्सीकाका आवडतात मला. आत उकडतं म्हणून त्यांनी माझ्या सीटजवळ गुपचूप पंखा बसवला आणि वर थाप मारली, की इंजिन तापतं. तरी मी त्यांना उत्तर देत नव्हते. तुझे बाबा गेल्यावर आजींनी सासू असून मला लेकीसारखं सांभाळलं. आजींना कुठल्या तोंडानं सांगणार होते?

परवा आपल्या घोडेगावातच, बाजाराच्या दिवशी खेळ होता. थोरली वाकली आणि आजी ताट घेऊन गर्दीतून पुढं. दारी आलेली बाई रिकाम्या ओटीनं जाऊ नये, हे त्यांचं तुला ठाऊकच आहे. त्यांना वाटायचं मी मागून दोर ओढते. त्यांनी थोरलीला कुंकू लावलं आणि खण, नारळ, तांदूळ तिच्या पदरात घातले. आता त्या पदरामागंच माझी बाहेर बघायची खिडकी! सगळं घसरून माझ्या मांडीवर. तुझे बाबा गेल्यापासून माझी ओटी कुणी भरली नव्हती, दीपा. मला हुंदका फुटला, आणि माइक चालूच होता. अख्ख्या बाजारानं ऐकला.

कुणीतरी ओरडलं, “अगं बया, आत सुरेखा हाय! इधवेची वटी भरली की!” मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. नारळ परत द्यायला खिडकीतून हात काढला. आजी माझा हात आत ढकलत म्हणाल्या, “वटीत पडल्यालं माघारी घेत्यात व्हय? ठिव.” आणि त्या ओरडणारीकडे असं पाहिलं, की ती बाई भाजी घ्यायला पसार झाली.

घरी जेवताना त्यांनीच विषय काढला. “बन्सी मानूस चांगला हाय. किती दिस ताटकळत ठिवशील त्येला?” आपल्याला वाटतं म्हाताऱ्या माणसांना काही कळत नाही! मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, “माझा पोरगा गेला, तू बी लई लांब जाऊ नको.” आम्ही दोघी रडलो. आजोबा बिचारे भाकरी घेऊन ओसरीवर जाऊन बसले.

मी होकार दिलाय. तुझ्या बाबांना विसरून नाही, आणि तुझी परवानगी मागायला हे पत्रही नाही. लग्न नोंदणी पद्धतीनं करतोय, त्याला तीन साक्षीदार लागतात. एक बन्सीकाकांची बहीण. दुसऱ्या आजी; अंगठा देणार नाही म्हणतात, सही गिरवतायत, पण ‘झुंबरबाई’तला झ काही साधत नाही. तिसरं नाव मी अजून कुणाचं दिलेलं नाही. रागावलेलीच ये हवं तर, पण सही करायला तूच ये.

तुझीच, लग्नानंतरही तुझीच,
आई