सव्वा मूठ गहू

मी, योगराज भाईदास बोरसे, वय एकोणपन्नास, धंदा यंत्रमाग, मूळ गाव शिंदखेडा तालुक्यातले, हल्ली राहणार लिंबायत, सुरत, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत झाले, त्यामुळे अक्षर चांगले आणि कायदा कच्चा आहे. दोन्ही किडन्या दगा देत आहेत, डायलिसिस चालू आहे. पण डोके शाबूत आहे, कोणाचा दाब नाही, आणि देवापुढे दिवा लावून मगच लिहायला बसलो आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकीलसाहेबांनी कच्चा मजकूर पाहिला. म्हणाले, यातले अर्धे कायद्यात बसत नाही. मी म्हटले, अर्धे बसते ना, मग झाले.

१. माझे कुटुंब असे: पत्नी सौ. तारा, मुलगी जयश्री, वय चोवीस, कतारगामला हिऱ्यांच्या कारखान्यात ऑफिसात कामाला, मुलगा चेतन, वय वीस. चेतन घरी नाही. सतरा वर्षांचा असताना त्याने आमच्याच गल्लीतल्या एका मुलीवर बलात्कार केला. हा शब्द मी या कागदात एकदाच लिहितो, पण लिहितो. आमच्या घरात तीन वर्षे त्याला 'ते प्रकरण' म्हणतात. बालन्यायालयाने त्याला दोषी ठरवले, दहा वर्षांची शिक्षा दिली, आणि एकवीस पूर्ण होईपर्यंत मुलांच्या सुरक्षित गृहात ठेवले. येत्या फाल्गुनात तो एकवीसचा होईल. तेव्हा न्यायालय पाहील, पोरगा सुधारला की नाही. सुधारला तर देखरेखीखाली बाहेर, नाही तर उरलेली शिक्षा मोठ्यांच्या तुरुंगात. त्या दिवशी साहेब विचारतील की बाहेर आला तर जाणार कोणाकडे. उत्तर द्यायला मी असेन असे डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून वाटत नाही. म्हणून हा कागद.

२. त्या मुलीचे नाव येथे येणार नाही. कायदाही तेच सांगतो आणि मनही. त्या संध्याकाळी तिची आई आमच्या दारात आली आणि उभ्याउभ्याच सगळे सांगितले. मी चेतनला विचारले. त्याने मान खाली घातली. मी त्याचे मनगट धरून त्याला पोलीस चौकीत नेले. तारा मागून त्याचा शर्ट ओढत होती, त्यात एक बटण तुटले. ते तिने कुंकवाच्या डबीत ठेवले आहे आणि ते तिचेच राहील. त्यानंतर वर्षभर तिने मला ताट वाढले, पण 'अजून घेता का' हे विचारणे सोडले. माझे दुखणे निघाल्यावर ती पुन्हा विचारू लागली. आता डॉक्टरांनी जेवण तोलून दिले आहे, तरी ती विचारते आणि मी 'थोडं' म्हणतो.

ती म्हणते, तो लहान होता. होता. ती मुलगीही फार मोठी नव्हती, वीस वर्षांची. मी जे केले ते आज पुन्हा करावे लागले तरी करीन. हे मी तारासाठी लिहिले आहे. रागाने लिहिलेले नाही.

३. लिंबायतचे राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते संपूर्ण जयश्रीला मिळावे. तारा हयात असेपर्यंत तिथेच राहील. चेतनचा या घरावर हक्क नाही, वहिवाट नाही, पाहुणा म्हणूनही मुक्काम नाही. कारण साधे आहे. ती मुलगी अजून याच गल्लीत राहते. रोज सकाळी साड्यांच्या घडी-पॅकिंगच्या कारखान्यात जाताना आमच्या ओट्यासमोरून जाते. पहिले काही महिने मान वळवून जायची, आता सरळ बघून जाते. तिला ती वाट पुन्हा बदलावी लागू नये. वकीलसाहेब म्हणाले, लेकीने उद्या भावाला घरात घेतले तर कायदा काय करणार? मी म्हटले, तुम्ही माझ्या लेकीला भेटलेला नाहीत.

४. त्याच कारणाने, फाल्गुनाच्या आत मी गेलो तर मला शेवटचे बघायला चेतनला आणू नये. तशी परवानगी मिळते म्हणे, पोलीस गाडीतून आणतात. गल्लीत ती गाडी पंचनाम्याला एकदा उभी राहिली, तेवढी पुरे. अग्नी जयश्रीने द्यावा. चेतनला निरोप द्यावा की बापाने बोलावले नाही, यात राग नव्हता.

५. त्या मुलीकडे किंवा तिच्या आईकडे माझ्या घरच्या कोणीही माफी मागायला जाऊ नये. मी मेलो म्हणून नाही, चेतन सुटला म्हणून नाही, सणावाराला तर मुळीच नाही. माफी मागणाऱ्याचे मन हलके होते आणि ज्याच्याकडे मागितली त्याच्यावर एक काम येऊन पडते. तिच्याकडे कामे पुष्कळ आहेत. आणखी एक लिहून ठेवतो. प्रकरण झाल्यावर गल्ली माझ्याकडे चहाला येत राहिली. जाणे बंद झाले ते त्यांच्या घरी. गुन्हा माझ्या घरात आणि सुतक त्यांच्या घरात, हे मला आजवर कळलेले नाही. ज्यांना कळले असेल त्यांनी माझ्या तेराव्याला जेवताना तारास समजावून सांगावे.

६. माझे थोरले बंधू गणपत भाईदास बोरसे, म्हणजे आमचे अण्णा, यांस गावच्या शेतातला माझा हिस्सा बिनतक्रार द्यावा. शिवाय माझ्या कपाटावर एक नारळ आहे, तोही द्यावा. त्याची हकीकत अशी. खटला उभा राहिला नव्हता तेव्हा अण्णा भाऊबंदांना घेऊन, मला न विचारता, त्या मुलीच्या दारी गेले. नारळ नेला होता. पोरगा अठराचा, नाहीतर एकविसाचा झाला की लग्न लावून देऊ, दोन्ही घरांची अब्रू राहील, असा त्यांचा बेत. आपल्याकडे अशा भानगडी पूर्वी अशाच मिटवत आणि त्याला शहाणपण म्हणत. कारखान्यात कोणी तरी मला सांगितले. मी धावत पोचलो तेव्हा ती मुलगी आतून बोलत होती, आवाज अजिबात न चढवता:

"नारळ परत लई जा, बाबा. माले तुमना पोऱ्या बी नको नि तुमनी कीव बी नको."

अण्णा नारळ पायरीवर ठेवून निघाले. मी तो उचलून आणला. पुढे शिक्षा झाली तेव्हा हेच अण्णा म्हणाले, असल्याला फाशीच पाहिजे होती. आधी नवरदेव, मग फाशी. मधले काही त्यांना सुचले नाही. नारळ आता आतून खुळखुळतो. अण्णांनी तो फोडू नये, समोर ठेवावा. बाकी ते मनाने वाईट नाहीत. मला सुरतेत पहिल्यांदा त्यांनीच आणले, आणि पहिले चार महिने स्वतःची खाट देऊन आपण जमिनीवर झोपले.

७. कडोदऱ्याच्या शेडमधले माझे चार माग विकून येणारे पैसे व बँकेतली शिल्लक ताराच्या नावे करावी. मागाच्या फणीतून धागा ओढायचा पितळी हूक आणि कात्री तेवढी चेतनला द्यावी. काम शिकत होता तेव्हा धागा तुटला तरी माग थांबवत नसे. मी ओरडायचो, अरे, आधी माग बंद कर, पुढचा सगळा कापडाचा ताका खराब जातोय. तो हसायचा. हूक पाहून त्याला आठवेल.

८. आता मुख्य गोष्ट. चेतन बाहेर आला तर जाईल सुरतेजवळच्या सचिन गावी, माझा गाववाला मित्र हिलाल पवार याच्या कारखान्यात. हिलालने कबूल केले आहे आणि तसे तो न्यायालयात सांगेल. पहिले वर्ष चेतनने त्याच्याच खोलीत झोपायचे, बायका कामाला असलेल्या पाळीत जायचे नाही, आणि गृहातल्या समुपदेशक बाई सांगतील तेव्हा त्यांच्यापुढे हजर राहायचे. हिलाल एवढेच म्हणाला, "पोऱ्या तुना, नि घोरणं माले ऐकनं पडी." तेवढ्यावर मी त्याला मिठी मारली, तर म्हणाला, सोड, लोक बघताहेत.

तो सुधारला याची खात्री मी देत नाही. पहिल्या वर्षी भेटीला गेलो की तो म्हणायचा, तीच हसून बोलायची, मला फसवले. मी उठून निघून यायचो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जायचो. दुसऱ्या वर्षी ते बोलणे थांबले. त्या समुपदेशक बाईंपुढे बसून बसून थांबले. माझ्याने झाले नसते. यंदा एकदा त्याने विचारले, "पप्पा, ती कामावर जाते का?" मी म्हटले, ते विचारायचा हक्क तुला नाही. तो हातांकडे बघत म्हणाला, "बरं." पुन्हा त्याने विचारले नाही. माझ्याकडे पुरावा म्हणून तो 'बरं' आहे. न्यायालयाला जास्त लागेल, आणि लागावा.

शिक्षा व्हायलाच हवी होती. पण शिक्षा संपते त्या दिवशी माणूस संपलेला नसतो. तो कुठेतरी जातो, कोणाच्या तरी गल्लीत खोली घेतो. तिथेही कोणाची तरी लेक सकाळी कामाला निघते. म्हणून त्याला कोणाच्या तरी नजरेखाली ठेवा, आणि कोणाचा तरी ठेवा.

९. आमच्या कुलदेवी कानबाईचे ठाणे माझ्या घरी आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आई बसते. नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावे सव्वा मूठ गहू धरतात, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे असतात. ज्याची मूठ तो घरचा. चेतन गेल्यावर पहिल्या श्रावणात अण्णांनी त्याची मूठ गाळली. ताराने गुपचूप उठून सुपात एक मूठ टाकली. अण्णांनी एक मूठ बाहेर काढली. कोणाची मूठ बाहेर गेली, ते त्या गव्हालाच माहीत. दुसऱ्या वर्षी तेच. यंदा भांडण वाढले, अण्णा ठाणे उचलून नेतो म्हणाले. तेव्हा जयश्री स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. भावाला भेटायला ती एकदाही गेलेली नाही. त्याच्यामुळे तिचे ठरलेले लग्न मोडले. ती म्हणाली:

"त्याची मूठ धरायची की नाही यावर तीन वर्षं भांडताय. माझी कधी धरली?"

अण्णांनी समजावले, "पोरीस्नी मूठ सासरले ऱ्हास, बेटा."

"कोणतं सासर, मोठे बाबा?"

मी आईच्या मुखवट्याकडे पाहिले. तीही बाईच. तिच्यापुढे इतकी वर्षे आम्ही फक्त पुरुष मोजत आलो.

तरी माझ्या पश्चात या घरात जयश्रीच्या नावे सव्वा मूठ धरावी, आणि ती पहिली धरावी. चेतनचीही धरावी, तो कुठेही असो. त्याच्या वाट्याचा रोट त्याच्याकडे न्यावा. रोटाकडे त्याला आणू नये. त्याची मूठ ताराने धरावी. ज्यांना हे पटणार नाही त्यांनी ठाणे न्यावे. आई जिथे जाईल तिथे बरीच राहील.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जयश्रीने करावी.

११. इथपर्यंत लिहून मी काल दोघींना वाचून दाखवले. तारा रडली आणि जेवायला वाढू का म्हणाली. जयश्रीने नवव्या कलमावर बोट ठेवले.

"त्याची मूठ आईने धरावी, हे खोडा. मी धरेन."

मी विचारले, आणि रोट?

"जिथे असेल तिथे नेईन. त्याच्या हातात देईन. मी त्याच्याशी बोलेन असं मात्र लिहू नका."

म्हणून ताराचे नाव वाचता येईल असे एका रेघेने खोडून वर जयश्रीचे लिहिले आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. बोलण्याबद्दल काही लिहीत नाही.

वरील सर्व मी वाचले, मला समजले, आणि आई कानबाईला स्मरून खाली नाव घालतो.

योगराज भाईदास बोरसे
(सही)

आमच्या देखत योगराजभाऊंनी सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही केली. आम्हा दोघांना यातून काही मिळायचे नाही.

साक्षीदार:
१. हिलाल पवार, सचिन (सही, घोरण्याची तक्रार कायम)
२. नितीन सोनवणे, लिंबायत (सही)

स्थळ: सुरत
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५